इन्व्हर्टरमधला खटका

अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीवर स्क्रूने आवळलेले हे काळे, तीन पायांचे तुकडे म्हणजे मॉस्फेट, विजेनेच उघडमीट होणारे खटके. लाइट गेल्यावर घरातला पंखा फिरतो तो यांच्या जिवावर. बॅटरीचे १२ व्होल्ट एकाच दिशेचे असतात. ते ट्रान्सफॉर्मरला आधी या बाजूने, मग त्या बाजूने द्यायचे, सेकंदाला ५० वेळा. यांच्या दोन रांगा आळीपाळीने तेच करतात.

पाय बघा: गेट, ड्रेन, सोर्स. मोठा करंट ड्रेनकडून सोर्सकडे जातो. गेटचा या वाटेला स्पर्शही नाही, मध्ये सिलिकॉन ऑक्साइडचा पातळ थर आहे. गेटला १० व्होल्ट मिळाले की थराखाली इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि वाट उघडते. गेटमधला चार्ज काढला की ती मिटते.

मीटरवर हे दिसतंय. काळी पिन सोर्सवर. लाल पिन गेटला नुसती टेकवली, मग ड्रेनवर ठेवली: आकडा झपकन खाली आला. आता गेट आणि सोर्स बोटाने एकत्र धरले. पुन्हा बंद.

हा मॉस्फेट आयआरएफ ३२०५ नंबरचा. पूर्ण उघडा असताना रोध जेमतेम ८ मिलीओहम, म्हणजे २० अँपिअरला सव्वातीन वॉट उष्णता. बंद असताना करंटच नाही. जीव जातो तो अर्धवट उघडण्यात: निम्मे ६ व्होल्ट अंगावर, वर तेच २० अँपिअर, झाले १२० वॉट! म्हणून गेट झटक्यात भरायचं, झटक्यात रिकामं करायचं. हे काम ड्रायव्हरचं, म्हणजे गेटला व्होल्टेज देणाऱ्या सर्किटचं. तो कमजोर झाला की मॉस्फेट असा फुटतो.

त्यामुळे खरा कारागीर नुसता जळका तुकडा काढून नवा टाकत नाही. आधी ड्रायव्हर तपासतो, गेटचे रेझिस्टर एकेक करून मोजतो. एक मॉस्फेट गेला तरी ती सगळी रांग बदलतो, कारण समांतर जोडलेल्यांनी करंट सारखा वाटून घ्यायला हवा. हे कसब जपलंच पाहिजे. ‘बोर्डच बदला’ म्हटलं की अख्खा बोर्ड भंगारात जातो.

नव्या मॉस्फेटना सोल्डरचा डाग लावून झाला. बॅटरीच्या वायरीत आता गाडीच्या हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये टाकलाय. कुठे शॉर्ट राहिला असेल, तर बल्ब भक्कन पेटेल आणि नवे मॉस्फेट वाचतील. तो विझलेला राहिला की मगच बॅटरी थेट जोडायची, लोड लावायचा आणि पट्टी किती तापते ते बघायचं.