चार दिवे उतरलेला पंचम

(पडद्यावर: अंधारलेला स्टुडिओ. रॅकमध्ये बसवलेलं यंत्र, त्याच्या दर्शनी भागावर दिव्यांची आडवी ओळ.)

हा मधला दिवा बघा. तो एकटा लागलेला आहे तोवर गायिका सुरात आहे. षड्ज झाला, रिषभ झाला, गंधारावर जरा रेंगाळून ती आता पंचमाकडे निघाली आहे.

डावीकडे एक दिवा. दोन. तीन. चार.

पंचम उतरला, हवा त्यापेक्षा खाली लागला. या यंत्रावर एक दिवा म्हणजे १० सेंट, आणि १०० सेंट म्हणजे हार्मोनियमच्या एका स्वरापासून अगदी लगतच्या स्वरापर्यंतचं अंतर. चार दिवे म्हणजे त्या अंतराच्या निम्म्याला थोडंच कमी. गाणं शिकलेला असो वा नसो, ऐकणाऱ्याला इथे खटकतंच. गायिकेची पट्टी काळी चार, म्हणजे तिचा षड्ज हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. या पट्टीतला पंचम सेकंदाला ३११ कंपनांचा, आणि तिचा लागला ३०४ वर.

पण स्पीकरमधून येणारा पंचम जागेवर आहे. दिवे चार उतरलेले दिसताहेत आणि कानाला सूर बरोबर लागतोय. या दोहोंच्या मधलं सगळं काम सूर दुरुस्त करणाऱ्या या पावणेदोन इंच उंचीच्या खोक्यात होतं, गाणं चालू असताना, गायिकेचा श्वास संपायच्या आत.

(पडद्यावर: ऑसिलोस्कोपवर हलणारी आवाजाची लाट.)

ही तिच्या आवाजाची लाट. नीट बघितलं तर एकच आकार पुन्हा पुन्हा येताना दिसेल. पंचमावर हा आकार साधारण ३.३ मिलिसेकंदांनी परत येतो. यंत्राला सूर 'ऐकू' येत नाही. त्याला एवढंच शोधायचं असतं की आकार किती वेळाने परत आला. त्यासाठी ते लाटेची एक प्रत करतं, ती हळूहळू पुढे सरकवतं आणि प्रत्येक वेळी मूळ लाटेवर ठेवून बघतं. जुळली नाही, अजून सरकव. जुळली नाही, अजून. एका जागी दोन्ही आकार एकमेकांवर चपखल बसतात. जेवढं सरकवावं लागलं तेवढा वेळ म्हणजे एका कंपनाचा काळ, आणि तो कळला की सूर कळला. या पद्धतीला ऑटोकोरिलेशन म्हणतात.

हे गणित गाण्यासाठी जन्मलेलं नाही. अँडी हिल्डेब्रँड हा अमेरिकी संशोधक तेल उद्योगात काम करत होता. जमिनीला हादरा द्यायचा, खालच्या थरांवर आपटून परत येणारे प्रतिध्वनी टिपायचे आणि त्या गोंधळातून कुठला थर किती खोल आहे हे शोधून काढायचं, हे त्याचं काम. लाटेची लाटेशी तुलना करायची सवय त्याला तिथे लागली. तो स्वतः फ्लूट वाजवणारा होता. पुढे तेलाचं काम सोडून तो संगीताकडे वळला. जेवणाच्या टेबलावर एका परिचिताच्या पत्नीने त्याला सहज विचारलं होतं की, मला सुरात गायला लावणारं एखादं खोकं का नाही बनवत तुम्ही? ही आठवण तो स्वतः सांगत आला आहे. १९९७ मध्ये त्याच्या अँटारेस कंपनीचं ऑटो-ट्यून आलं. ते संगणकासाठी होतं. पण लगेच पाठोपाठ त्याच कंपनीने तेच गणित रॅकमध्ये बसणाऱ्या एटीआर-१ या यंत्रात घातलं. टेबलावर मागितलेलं खोकं खरोखर हाती आलं ते तेव्हा.

(पडद्यावर: जुनं यंत्र, पुढच्या बाजूला मोठा नॉब, आकडे दाखवणारी छोटी खिडकी.)

त्याच्याही आधीचं हे यंत्र. इव्हेंटाइड कंपनीचं एच९१०, साल १९७५. आवाजाचा सूर डिजिटल पद्धतीने वर किंवा खाली नेणाऱ्या, बाजारात आलेल्या अगदी पहिल्या यंत्रांतलं. याच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत न्यूयॉर्कची एक टीव्ही वाहिनी होती. जाहिरातींना जास्त जागा मिळावी म्हणून ती जुन्या मालिका किंचित वेगात दाखवायची, वेगामुळे पात्रांचे आवाज चढायचे, आणि ते चढलेले आवाज हे यंत्र पुन्हा खाली आणायचं.

स्टुडिओतल्या लोकांच्या लगेच लक्षात आलं की याचा उपयोग गाण्यात करता येईल. पण सूर उतरलाय की नाही, हे या यंत्राला कळत नव्हतं. ते माणसानेच ऐकायचं. टेप लावायची, उतरलेला स्वर यायच्या क्षणी नॉब नेमका तेवढाच फिरवायचा, स्वर गेला की नॉब परत जागेवर. चुकलं तर टेप मागे घेऊन पुन्हा. एका स्वरासाठी असं किती वेळा करावं लागलं असेल, याचा अंदाज हा नॉब हातात धरल्यावर येतो. मला स्वतःला या नॉबबद्दल फार आदर आहे.

(पडद्यावर: ध्वनिमुद्रक वहीत लिहितोय. मग यंत्राची बटणं.)

आता परत आपल्या यंत्राकडे. गायिका माइकपुढे येण्याआधी ध्वनिमुद्रक हे काय करतोय ते बघा, कारण हार्डवेअरचं सगळं मर्म इथेच आहे. संगणकावर गाणं आधी घेता येतं आणि मग रात्री बसून एकेक स्वर उचलून जागेवर ठेवता येतो. इथे ती सोय नाही. आवाज या तारेतून आत गेला आणि त्या तारेतून बाहेर आला, संपलं. म्हणून जे ठरवायचं ते आधी, गाणं समजून घेऊन ठरवावं लागतं. मला ही अडचण वाटत नाही. मला ही शिस्त वाटते.

पहिला प्रश्न पट्टीचा. यंत्राला काळी चार कळत नाही, त्याला जी शार्प सांगावं लागतं. मग स्वर. गाण्यात सगळे शुद्ध स्वर आहेत, तर कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद हे पाचही यादीतून काढून टाकायचे. ध्वनिमुद्रक एकेक स्वर काढतोय, बघा. हे केलं नाही तर काय होतं? यंत्र बाराच्या बारा स्वर धरून बसतं आणि जो सर्वांत जवळचा असेल त्याच्याकडे आवाज ओढतं. पंचम ४० सेंट उतरला तर ठीक, पंचमच जवळ आहे. पण ५५ सेंट उतरला की जवळचा स्वर होतो तीव्र मध्यम, आणि यंत्र मोठ्या निष्ठेने गायिकेला तीव्र मध्यमावर नेऊन बसवतं. साधी चूक ढळढळीत चूक होते. यादीत तीव्र मध्यम नसेल तर पंचमाला दोन्ही बाजूंना मोकळी जागा मिळते.

दुसरा प्रश्न गंधाराचा, आणि इथे जरा थांबायला हवं. यंत्र कारखान्यातून येतं ते समान अंतरांचे बारा स्वर घेऊन. त्या हिशेबात गंधार षड्जापासून ४०० सेंटवर. पण मागे षड्ज अखंड घुमत असताना कान ज्या गंधाराला 'लागला' म्हणतो तो ३८६ सेंटवर आहे. चौदा सेंटचा फरक. काळी चारमध्ये सांगायचं तर गायिका लावते तो गंधार सुमारे २५९.६ कंपनांचा, यंत्राला हवा तो २६१.६ चा. दोनच कंपनं. पण मघाशी दिसलेला तिचा तो रेंगाळलेला गंधार यंत्राने 'दुरुस्त' केला तर तो चढा लागतो, ताणलेला लागतो. म्हणून ध्वनिमुद्रकाने गंधार मोकळा सोडलाय. या यंत्राला एखाद्या स्वरापुरतं 'इथे हात लावू नकोस' असं सांगता येतं.

(पडद्यावर: वेगाचा नॉब, जवळून. तीच ओळ तीनदा.)

आणि मग हा नॉब. चुकलेल्या सुराला जागेवर आणायला किती वेळ घ्यायचा, ते हा ठरवतो. तीच ओळ तीनदा ऐका.

वेग शून्यावर, म्हणजे वेळ अजिबात घ्यायचा नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर आवाज टक्कन उडी मारतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, उरत नाही, तिच्या पायऱ्या होतात. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' या गाण्यात जगाने हा आवाज पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर ऐकला. कसा केला, हे त्याच्या निर्मात्यांनी तेव्हा लपवलं होतं. डिजिटेक टॉकर नावाच्या पेडलमधून केला, असं त्यांनी सांगून ठेवलं. खरं उत्तर होतं ऑटो-ट्यूनचा हाच नॉब शून्यावर.

वेग मधला. पायऱ्या गेल्या. पण तिचा कंप ऐका. गळ्यातला कंप सेकंदाला साधारण पाच-सहा वेळा वरखाली होतो, म्हणजे एका हेलकाव्याला १६७ ते २०० मिलिसेकंद. यंत्र त्याहून बरंच जलद असेल तर त्याला तो हेलकावाही चूकच वाटते आणि ते तोही सपाट करतं.

वेग सावकाश. आता यंत्र कंपाच्या मागे धावत नाही. लांब धरलेला, खाली बसत चाललेला स्वर तेवढा ते हळूच उचलतं. नॉब इथेच राहू द्या.

(पडद्यावर: माइकपुढे गायिका, ओठ जवळून. हेडफोन.)

सूर वर उचलायचा म्हणजे नेमकं काय करायचं? टेप वेगात फिरवली की सूर चढतो, पण त्याबरोबर गळाही लहान होतो, मोठ्या माणसाचा आवाज पोरासारखा येतो. कारण आवाजाचा रंग तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीतून येतो आणि तोही सुराबरोबर वर सरकतो. म्हणून यातली बरीच यंत्रं लाटेचे एकेका कंपनाएवढे तुकडे करतात, तुकड्याचा आकार तसाच ठेवतात आणि ते किंचित जवळजवळ मांडतात. आकार तोच म्हणून गळा तोच. अंतर कमी म्हणून सूर वर. 'स' आणि 'श' यांना कंपनाचा ठराविक काळ नसतो, म्हणून ते यंत्राने ओळखून तसेच पुढे सोडायचे असतात. श्वासाचंही तसंच.

आता तिच्या कानावरचे हे हेडफोन. त्यांत येतोय तिचा स्वतःचा, दुरुस्त न केलेला आवाज. हे मुद्दाम सांगतो, कारण याबाबत मी स्वतः एकदा चुकलो आहे. गायिकेला बरं वाटेल म्हणून मी दुरुस्त झालेला आवाज तिच्या कानात दिला होता. पण स्वतःचा आवाज माणसाला हाडांतूनही ऐकू येतो. हाडांतून ३०४, हेडफोनमधून ३११. दोघांची टक्कर होऊन सेकंदाला सात ठोके ऐकू येतात आणि आपण कुठे आहोत तेच गाणाऱ्याला कळेनासं होतं. त्या दिवशी प्रत्येक टेक आधीच्यापेक्षा खाली गेला. चूक तिची नव्हती, माझी होती. दुरुस्ती श्रोत्यांसाठी असते, गाणाऱ्याच्या कानात खरा सूरच गेला पाहिजे.

(पडद्यावर: व्हायोलिन, पुलावर बसवलेला पिकअप. मग फ्रेट नसलेला बेस.)

वाद्यांना हीच यंत्रं चालतात, पण एका वेळी एकच स्वर काढणाऱ्या वाद्यांना. व्हायोलिनच्या पुलावर, म्हणजे तारांखालच्या घोडीवर, कंपनं थेट टिपणारा पिकअप लावला की आत फक्त व्हायोलिन जातं, शेजारचा ढोल जात नाही, आणि यंत्राची गफलत होत नाही.

बेस गिटारला मात्र त्रास. त्याची सर्वांत खालची तार सेकंदाला ४१ कंपनांची, एका कंपनालाच २४ मिलिसेकंद. आकार परत आला हे पटायला निदान दोन कंपनं बघावी लागतात, म्हणजे सूर कळेपर्यंत जवळपास ४९ मिलिसेकंद गेले. वाजवणाऱ्या बोटांना एवढा उशीर लगेच जाणवतो. यंत्र कितीही महाग घेतलं तरी हे टळत नाही, कारण उशीर यंत्राचा नाही, तारेचा आहे.

गिटारवर कॉर्ड, म्हणजे अनेक स्वर एकदम, छेडला की सहा तारांच्या सहा लाटा एकमेकींत मिसळतात आणि साध्या यंत्राला त्यातून काहीच उमगत नाही. पीव्ही कंपनीच्या एटी-२०० या गिटारमध्ये यावर उपाय होता: प्रत्येक तारेला स्वतंत्र पिकअप. मोकळ्या तारा छेडायच्या, नॉब दाबायचा, आणि सहाही तारांचा आवाज आतल्या आत सुरात.

(पडद्यावर: मैफलीचा मंच, प्रकाश, गर्दी.)

या यंत्रांमुळे श्रोत्यांचे कान नको इतक्या अचूक सुराला सरावले, काहींचा रियाज सुटला, आणि २०१० मध्ये टाइम साप्ताहिकाने ऑटो-ट्यूनला सर्वांत वाईट ५० शोधांत बसवलं, हेही खरं.

(पडद्यावर: पुन्हा स्टुडिओ. पाचवा टेक.)

गायिका पाचव्यांदा तीच ओळ घेते आहे. नॉब सावकाशवर, गंधार मोकळा, कानात स्वतःचा आवाज. षड्ज. रिषभ. गंधार. पंचमाकडे जाताना डावीकडे एकच दिवा लागतो आणि विझतो.

ध्वनिमुद्रकाचं बोट बायपासच्या बटणावर आहे. दुसऱ्या कडव्यात ती मध्यमावरून पंचमावर लांब मींड घेणार आहे, हे त्याला ठाऊक आहे. कडवं सुरू होतं आणि तो बटण दाबतो. आता आपण ऐकतोय तो निव्वळ तिचा आवाज.

टेक संपल्यावर तो वही पुढे ओढतो. हार्डवेअरवर काम करणाऱ्याची वही अशीच असते, प्रत्येक गाण्याला एक ओळ. पट्टी: काळी चार. काढलेले: पाच. गंधार: मोकळा. वेग: सावकाश. शेवटच्या रकान्यात तो लिहितो: दुसरं कडवं, बायपास.