आधी जंतूचं नाव विचारा

नमस्कार मंडळी, आज खोकल्याबद्दल बोलूया. साधा सर्दीखोकला नाही हं, महिनोन्‌महिने चालणारा, सकाळी उठल्या उठल्या बेडका, वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण, आणि दरवेळी अँटिबायोटिकचा एक कोर्स घेतला की चार दिवस बरं वाटतं न मग परत ये रे माझ्या मागल्या.

अशा पेशंटच्या बेडक्यात मायक्रोस्कोपखाली टीबीसारखे जंतू दिसले की टीबीचीच औषधं सुरू होतात, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण टीबीच्या जंतूची चुलत भावंडं आहेत, एनटीएम म्हणतात त्यांना, माती-पाण्यात राहतात, अगदी नळात न शॉवरमध्येसुद्धा, आणि मायक्रोस्कोपखाली ती टीबीपेक्षा वेगळी ओळखू येत नाहीत. तेव्हा स्मिअर, म्हणजे ही मायक्रोस्कोपची तपासणी, पॉझिटिव्ह पण टीबीची जीन टेस्ट निगेटिव्ह असं आलं, तर डॉक्टरांना सरळ विचारा, हे एनटीएम असेल का? विचारायला कसली लाज, छाती आपली आहे.

मग येतं कल्चर, म्हणजे बेडक्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, आणि सगळं घोडं इथंच अडतं. हे जंतू पाण्यातून नमुन्यात नुसते शिरूही शकतात, म्हणून एका रिपोर्टवर आजार ठरवत नाहीत. वेगवेगळ्या वेळी दिलेल्या किमान 2 बेडक्यांत तोच जंतू वाढायला हवा, सोबत त्रास हवा न सीटी स्कॅनमध्येही तसं दिसायला हवं. बेडका निघतच नसेल तर ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, आतलं पाणी तपासतात. निगेटिव्ह म्हणायला 6 ते 8 आठवडे थांबावं लागतं, वैताग येतो मान्य आहे, पण तेवढ्यात कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोळ्या आणू नका. नमुना देताना तोंडातली लाळ नको, छातीतून खोल खोकून आलेला बेडका द्या. आणि रिपोर्टवर नुसतं "एनटीएम" लिहिलं असेल तर जात कुठली ते विचारा, मॅक न ॲबसेसस या एनटीएमच्याच दोन जाती, पण मॅक वेगळा, ॲबसेसस वेगळा, औषधं पार वेगळी.

मॅक असेल तर साधारण तीन औषधं एकत्र देतात, अझिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल, रिफॅम्पिसिन, आणि कल्चर निगेटिव्ह झाल्यानंतरही पुढे किमान 12 महिने. हो, नंतरही! एकटं अझिथ्रोमायसिन मात्र यात कधीच नाही, जंतू त्याला दाद देईनासा होतो आणि मग मुख्य हत्यारच गेलं. सगळ्यांना लगेच औषध लागतंच असंही नाही बरं का, आजार हळू असेल तर काही डॉक्टर सीटी न बेडक्यावर लक्ष ठेवून थांबतात, ते म्हणजे दुर्लक्ष नव्हे. कफ काढायचे व्यायाम, नेब्युलायझरनं सलाइनची वाफ, हे मात्र दोन्हीकडे चालूच, आणि खरं सांगू का, याबद्दल फार कमी बोललं जातं.

घरच्यांना लागेल का? सहसा माणसाकडून माणसाला लागत नाही, भांडी वेगळी काढू नका.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं झालं तर सीटीची सीडी, सगळे कल्चर रिपोर्ट आणि कुठलं औषध कधी सुरू न कधी बंद, एवढं घेऊन जा. रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी होते, घाबरू नका. इथॅम्ब्युटॉलचं तसं नाही, ते डोळ्यांवर येऊ शकतं, सुरू करण्याआधीच नजर तपासून घ्या, आणि लाल-हिरवा रंग फिका वाटायला लागला किंवा धूसर दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.