आधी पाणी, मग खुर्च्या

पत्रिकेत विषय छापलाय आपल्या कोल्हापूरच्या ‘शाहू स्टेडियमचं आधुनिकीकरण’. तो घेतोच, पण आधी जरा तळ्यात उतरू. स्टेडियम आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. ते बुजवलं आणि आपण त्यात चेंडू सोडला. कपिलतीर्थावर मंडई भरवली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान केलं. तळं दिसलं की बुजवायचं, हा आपला जुना नाद. (हशा) हसा, पण पावसाळ्यात गांधी मैदानावर चक्कर मारा. वरुणतीर्थ माघारी आलेलं दिसेल.

आपला फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. संघांची ही नावं ऐकून परगावच्या माणसाला वाटतं, कुस्त्यांचा फड लागलाय. तेही खोटं नाही, कधीकधी लागतोच! (हशा) अशा मॅचला पेठेतला माणूस बसत नसतो. आमचे मामा गोलमागच्या पायरीवर उभे राहायचे. हातात शेंगदाण्याची पुडी, ती शेवटची शिट्टी झाल्याशिवाय सुटायची नाही. कॉर्नर मिळाला की पुढच्या अनोळखी माणसाचा खांदा धरायचे. आपला गोल झाला की त्या बिचाऱ्याची कॉलर गेलीच.

आणि परवा एका बैठकीत एका साहेबांनी नकाशा उलगडला. सगळीकडं खुर्च्या. म्हटलं, साहेब, मॅच रंगली की बसणार कोण? म्हणाले, सवय लागेल. मामांना सत्तरीपर्यंत लागली नाही! खुर्च्या कशासाठी, ते मलाही कळतं. १६ ऑगस्ट १९८० ला कलकत्त्यात ईडन गार्डन्सवर चेंगराचेंगरीत १६ माणसं दगावली, ती फुटबॉलच्याच मॅचला. पण हिशेबही बघा. तिथल्याच सॉल्ट लेक स्टेडियमवर १९९७ च्या ईस्ट बंगाल–मोहन बागान सेमीफायनलला सव्वा लाखावर माणूस होता. २०१७ च्या वर्ल्डकपसाठी खुर्च्या बसवल्या आणि तेच स्टेडियम ७० हजारांच्या आत आलं. सतरा वर्षांखालच्या त्याच वर्ल्डकपला आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, टाळ्या त्याच्यासाठी वाजवा.

चिठ्ठी आली. दोन मिनिटं. बरं.

मुद्दा पाण्याचा. तळ्याचा तळ म्हणजे गाळ, त्यात पाणी मुरत नाही. वर कितीही महागडी हिरवळ अंथरा, दोन पावसांत चिखल. म्हणून आधी खोदाई, खाली भोकं पाडलेले पाइप, त्यावर खडी, खडीवर वाळू, मग माती आणि गवत. मैदान मध्ये किंचित उंच, चारी बाजूंना उतार. निघालेलं पाणी सोडायचं कुठं, हे आधीच ठरवायचं, कारण खोलगटातलं पाणी आपण होऊन वर चढत नाही, पंप लागणार. यातलं काहीच उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही, म्हणून ते नेहमी शेवटी येतं. प्रकाशझोत, खुर्च्या, स्कोअरबोर्ड नंतर करा. आराखड्याच्या पहिल्या पानावर पाणी आलं, तर खुर्च्यांच्या पानावर मीही सही करतो. फक्त एका गोलमागच्या पायऱ्या तेवढ्या सोडा.