बंडलदास, निंबूपाणी आणि मंडळी

(दृश्य : शाईनं काढलेला गोव्यातला बाजार. कॅमेरा एकेका चेहऱ्यावर रेंगाळतो.)

निवेदन :
मासेवाली ओरडतेय. पाद्रीबाबा भाव करताहेत. कुणी गिटार छेडतंय, कुणी भरबाजारात डुलक्या काढतंय आणि सगळ्यांच्या पायांत कुत्री. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या बाजारात एकही माणूस नुसता जागा भरायला आलेला नाही. प्रत्येकाला काहीतरी काम आहे, निदान भानगड तरी.

मारियोंचा जन्म २ मे १९२६चा, दमणचा. घर गोव्यातल्या लोटलीचं. पोरानं घरच्या भिंती चित्रांनी भरून टाकल्या, तेव्हा आईनं त्याला कोरी वही आणून दिली. त्या वहीलाच तो डायरी म्हणायचा. ही खोड तरुणपणीही सुटली नाही. १९४९ ते १९५१च्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपानं आल्या. आज काय घडलं, कोण भेटलं, सगळं चित्रांतून. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. पदवी होती इतिहासाची, मुंबईच्या सेंट झेवियर्सची. माणसं बघायची सवय मात्र रोजची.

(दृश्य : पात्रांचे जवळून दिसणारे चेहरे.)

या सवयीतूनच सिनेतारका मिस निंबूपाणी आली, सेक्रेटरी मिस फोन्सेका आली, मंत्री बंडलदास आले. अर्धं चित्र तर नावातच! मिस फोन्सेकाच्या तंग कपड्यांवरची गंमत आज शिळी वाटते, हे खरं. बंडलदास मात्र दर निवडणुकीला ताजे होऊन येतात.

(दृश्य : कागदावर चालणारं निब.)

नाक लांबवायचं, मान गायब करायची, पोट बटणांच्या तावडीतून सोडवायचं, एवढं कुणालाही जमेल. इतकं करूनही तो माणूस ओळखीचा राहिला पाहिजे, गोम तिथं आहे. शाईची रेघ खोडता येत नाही. पडली ती पडली. सावलीसुद्धा बारीक आडव्या-तिरक्या रेघांनी भरायची, म्हणजे एकेका कोपऱ्यात कितीतरी वेळ रमायचं. संगणकावर एकच चेहरा पन्नास वेळा चिकटवता येतो. हातानं गर्दी काढणाऱ्याला पन्नासावा माणूसही नव्यानं काढावा लागतो, आणि तिथवर येईतो हाताला आणखी एखादी खोडी सुचलेली असते. मारियोंच्या चित्रापुढून पाय निघत नाही तो अशा पन्नासाव्या माणसामुळे.

(दृश्य : कॅफेच्या रंगलेल्या भिंती, टेबलांवरची गर्दी.)

११ डिसेंबर २०११ला मारियो गेले, लोटलीतच. त्यांची माणसं पणजीच्या मार्केटात आहेत, कपांवर आहेत, टाइल्सवर आहेत. कुलाब्यात कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर तर अख्खी मुंबई मांडलेली आहे. गेलात तर ऑर्डर यायच्या आत एकच कोपरा निवडा आणि त्यातला प्रत्येक जण काय करतोय ते बघा. ऑर्डर आधी येईल.