55 माणसं आणि एक इंद्रवदन

नमस्कार मंडळी. 2025 ची दिवाळी आठवा जरा. 20 ऑक्टोबरला असरानी गेले, ऐन सणात, आणि ती बातमी अजून पचते न पचते तोच 25 तारखेला शनिवारी दुपारपासून सगळ्यांच्या फोनवर एकच मेसेज फिरायला लागला, सतीश शाह गेले. 74 वर्षांचे होते. एकाच आठवड्यात हसवणारे दोघंजण गेले, आणि दोघंही आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, म्हणजे लॉ कॉलेज रोडवरून जाताना ज्या गेटकडे आपण मान वळवून बघतो ना, त्याच गेटातून बाहेर पडलेले.

त्या रात्री मी लोकांनी लिहिलेलं वाचत बसले होते आणि मला फार गंमत वाटली, म्हणजे रडू येत होतं पण गंमतही वाटत होती, कारण प्रत्येकाचा सतीश शाह वेगळा होता. माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाच्या लोकांनी 'ये जो है जिंदगी' लिहिलेलं, माझ्या भाच्याच्या वयाच्या पोरांनी नुसतं 'इंद्रवदन', म्हणजे 'साराभाई'मधलं त्यांचं नाव, लिहून खाली लाल बदाम टाकलेला, आणि सिनेमावाल्यांनी सरळ 'जाने भी दो यारो'मधल्या डिमेलोच्या प्रेताचा फोटो लावलेला. गेलेल्या माणसाला श्रद्धांजली म्हणून त्यानेच केलेल्या प्रेताचा फोटो लावतात आणि कुणालाही ते खटकत नाही, उलट सगळे म्हणतात हो हो हाच, असं दुसऱ्या कुठल्या नटाच्या बाबतीत झालेलं मला तरी आठवत नाही.

आधी 'ये जो है जिंदगी'बद्दल बोलते कारण इथे बसलेल्या तरुण मंडळींनी ते बघितलं नसेल. 1984. दूरदर्शन एकच, आणि ही सिरीयल लागायची शुक्रवारी रात्री. शरद जोशींचं लेखन (शेतकरी संघटनेचे नव्हेत, हिंदीतले व्यंगकार शरद जोशी), दिग्दर्शकांमध्ये कुंदन शाह, टायटल साँग किशोरकुमारचं. नवराबायको म्हणजे शफी इनामदार आणि स्वरूप संपत, बायकोचा भाऊ राकेश बेदी. शफी इनामदार मूळ आपल्या दापोलीकडचे, तेही 1996 मध्ये फार लवकर गेले. आता ही तीन माणसं तर ठरलेली, पण चौथा माणूस दर आठवड्याला नवीन असायचा. कधी साहेब, कधी शेजारी, कधी भलताच कुणी दारात येऊन उभा राहिलेला, आणि तो दर वेळी सतीश शाह असायचा. 55 एपिसोड केले आणि 55 वेगवेगळी माणसं केली असं ते स्वतः मुलाखतीत सांगायचे.

आता यातली अवघड गोष्ट काय आहे ते बघा. सिरीयलमध्ये नट लोकप्रिय होतो तो एकच माणूस पुन्हापुन्हा दिसल्यामुळे, आपल्याला त्याच्या सवयी कळतात, तो आता काय बोलणार हे आधीच माहीत असतं आणि त्या माहीत असण्याचंच आपल्याला हसू येतं. यांना ती सोयच नव्हती. दर शुक्रवारी शून्यापासून सुरुवात, पंचवीसेक मिनिटांत हा माणूस कोण, कुठला, कसा बोलतो, कशाला घाबरतो हे सगळं उभं करायचं आणि एपिसोड संपला की तो माणूस कायमचा सोडून द्यायचा. तीस वर्षांचा अनुभव आहे असं सांगणारं त्यांचं एक पालुपद त्या वेळी घरोघरी गेलं होतं, ऑफिसात, लग्नात, क्रिकेट खेळताना मुलं म्हणायची. आणि हा तीस वर्षांच्या अनुभवाच्या बाता मारणारा नट स्वतः तेव्हा तेहतीस वर्षांचा होता! 1951 चा जन्म त्यांचा.

त्याच्या आदल्या वर्षी, 1983 ला, 'जाने भी दो यारो' आला होता, तोही कुंदन शाह यांचाच, एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या पैशातून जेमतेम सात लाखांत केलेला. त्यातला म्युनिसिपल कमिशनर डिमेलो. अर्ध्या सिनेमात हा माणूस जिवंत आहे, भ्रष्ट आहे, केक खातोय, आणि उरलेल्या अर्ध्यात तो मेलेला आहे, आणि खरं काम तिथे सुरू होतं. प्रेत करायचं म्हणजे नुसतं पडून राहायचं असं आपल्याला वाटतं ना, पण तुम्ही तो सिनेमा परत बघाल तेव्हा फक्त डिमेलोकडे बघा. त्यांना ओढताहेत, उभं करताहेत, ओम पुरी दारूच्या नशेत शवपेटीला गाडी समजून त्यांच्याशी गप्पा मारतोय, शेवटी साडी नेसवून महाभारताच्या स्टेजवर द्रौपदी म्हणून उभं केलंय, चारी बाजूंनी ओढाताण चाललीय, आणि एवढ्या जाडजूड माणसाला खरोखर कुणी एकट्याने उचलू शकत नाही, म्हणजे तोल तर त्यांनी स्वतःच सांभाळलेला असणार, पाय स्वतःच टाकलेले असणार, पण ते आपल्याला दिसू द्यायचं नाही, चेहरा मेलेला पाहिजे. सगळ्यांनी आरडाओरडा करायचा आणि आपण मध्यभागी काहीही न करता उभं राहायचं, आणि लोक हसणार ते आपल्याकडे बघून. माझ्या मते हिंदी सिनेमातल्या विनोदी कामांमध्ये याच्या तोडीची कामं फार थोडी आहेत, आणि हे काम केलं तेव्हा ते तिशीच्या सुरुवातीला होते हे पुन्हा सांगते.

नंतरच्या सिनेमांबद्दल मी फार बोलणार नाही. 'हम आपके हैं कौन', 'दिलवाले दुल्हनिया', 'कल हो ना हो', 'मैं हूं ना' मधला बोलताना थुंकी उडवणारा प्रोफेसर, सगळी कामं आवडतात मला, पण मोठ्या सिनेमाने त्यांना पाच मिनिटं दिली आणि पाच मिनिटांत जेवढं होतं तेवढं करून घेतलं. टीव्हीने त्यांना वेळ दिला. म्हणून मी त्यांना टीव्हीचा माणूस म्हणते, आणि ते मी मोठेपणाने म्हणते.

आता साराभाई. (टाळ्या) हो, मला माहीत होतं, अर्धे लोक यासाठीच आलेत.

2004 साल डोळ्यासमोर आणा. टीव्हीवर सासवा-सुनांच्या सिरीयलचं राज्य, रात्री झोपतानासुद्धा दागिने घातलेल्या बायका आणि घरातले पुरुष सगळे सोफ्याच्या मागे रांगेत उभे. त्या काळात स्टार वनवर 'साराभाई वर्सेस साराभाई' आली, आतिश कपाडिया आणि जे. डी. मजीठिया यांची, देवेन भोजानीचं दिग्दर्शन. कफ परेडचं पॉश घर. सासू माया म्हणजे रत्ना पाठक शाह, सून मोनिशा म्हणजे रूपाली गांगुली, मोठा मुलगा साहिल आपला सुमीत राघवन, धाकटा रोसेश म्हणजे राजेश कुमार आणि त्याच्या त्या कविता. म्हणजे इथेही भांडण सासू-सुनेचंच आहे, पण त्या भांडणाच्या मध्ये एक म्हातारा बसलाय, मायाचा नवरा इंद्रवदन म्हणजे आपले सतीश शाह, जो दोघींना आलटून पालटून चावी देतो, सुनेच्या कानात एक सांगतो, बायकोच्या कानात दुसरं, आणि मग सोफ्यावर मागे रेलून बघत बसतो. घरातला सगळ्यात वात्रट मुलगा हा घरातला बाप आहे.

आपल्याकडे, म्हणजे आपल्या मराठी घरांत सुद्धा, बाप या माणसाला टीव्हीवर दोनच कामं होती, एक तर ओरडायचं नाहीतर छातीला हात लावून खाली बसायचं. इंद्रवदनने तिसरंच काहीतरी दाखवलं. रिटायर्ड माणूस, पैशाची चिंता नाही, आणि आता उरलेलं आयुष्य त्याला फक्त मजा करायचीय आणि तीही घरातल्या घरात. मला वाटतं, बापाच्या वयाच्या माणसाला असं खोड्या काढताना बघून खूप जणांना आतून काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. एका मुलीने लिहिलं होतं की तिचे बाबा रिटायर झाल्यावर वर्षभर गप्पगप्प असायचे, साराभाईचे रिपीट बघून हळूहळू ते आईची चेष्टा करायला लागले आणि आईलाही ते आवडायला लागलं. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला.

आणि माया-इंद्रवदनबद्दल एक सांगायलाच पाहिजे. तो तिला इतकं छळतो, तिच्या उच्चभ्रूपणाची इतकी खिल्ली उडवतो, पण ते कधी कडू होत नाही, आणि याचं कारण संवादांत नाही, सतीश शाहांच्या डोळ्यांत आहे. माया बोलत असते तेव्हा कॅमेरा तिच्यावर असला तरी कडेला ते दिसतात, आणि ते ऐकत असतात, अगदी मन लावून ऐकत असतात, कारण त्यांना त्यातून पुढची खोडी शोधायचीय पण त्याहून जास्त म्हणजे त्यांना ती आवडते. बायकोवर फिदा असलेला, तरीही तिला चिडवल्याशिवाय एक दिवस न जाणारा नवरा! या दोघांनी नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर 'फिल्मी चक्कर' मध्येही नवराबायको केले होते, म्हणजे ही जोडी मुरलेली होती. रोसेशची कविता चालू असताना यांचा चेहरा बघा, एक शब्द नसतो तोंडात, नुसते गाल आणि भुवया, आणि आपण पोट धरून हसतो. हसू येतं ते कवितेला, पण कवितेला हसायची परवानगी आपल्याला हा माणूस देतो.

हे सगळं असूनही पहिल्यांदा लागली तेव्हा सिरीयलला टीआरपी नव्हता, 2006 ला बंद झाली. नंतर रिपीटमध्ये, मग इंटरनेटवर, मग रील आणि मीममधून ती वाढत गेली, इतकी की 2017 मध्ये हॉटस्टारवर दुसरा सीझन आणावा लागला. म्हणजे 2004 नंतर जन्मलेली पोरंसुद्धा इंद्रवदनच्या जाण्याने रडली.

आपला म्हणून एक धागा आहे तोही सांगते. 1987 चा 'गंमत जंमत', सचिन पिळगांवकरांचा, त्यात सतीश शाह होते, गुजराती माणूस मराठी सिनेमात, आणि आपल्याला परका वाटला नाही. त्या सिनेमापासूनची त्यांची मैत्री शेवटपर्यंत राहिली, आणि सचिननी नंतर सांगितलं की गेले त्याच दिवशी दुपारी सतीशचा त्यांना मेसेज आला होता.

शेवटचं, कारण यावरून बरंच बोललं गेलं. 26 तारखेला विलेपार्ल्याला अंत्यसंस्कार झाले तेव्हा साराभाईच्या सगळ्या टीमने तिथे सिरीयलचं टायटल साँग म्हटलं. रडत रडत, गळा दाटलेला, सूर इकडेतिकडे. देवेन भोजानींनी लिहिलं की आम्ही भेटलो की नेहमीच हे गाणं म्हणतो, आजही म्हटलं. काही लोकांना ते आवडलं नाही, स्मशानात गाणं कसलं म्हणाले. मला त्यांच्याशी भांडायचं नाहीये, प्रत्येकाची रीत वेगळी, पण मला स्वतःला ते अगदी बरोबर वाटलं. जी माणसं वीस वर्षं दर भेटीत एक गाणं म्हणत आलीत, ती ज्याच्याबरोबर म्हणायची त्याला पोचवायला आलीत, तर काय म्हणणार ती? रामरक्षा आपण म्हणतो कारण ती आपल्याला लहानपणापासून पाठ असते, त्यांना हे पाठ होतं.

तर माझं इथे संपवते. प्रश्नोत्तरं ठेवली होती पण प्रश्न नकोत आज, तुमचा आवडता सीन सांगा, कुठला एपिसोड, कोणाबरोबर बघितला होता. माईक मागच्या रांगेपासून सुरू करूया, पुढे बसलेले नेहमीच आधी बोलतात. आणि काका, 'ये जो है जिंदगी' ज्यांनी शुक्रवारी बघितलंय ना त्यांनी जरा सविस्तर सांगा, 55 पैकी तुम्हाला किती माणसं आठवतात ते मला लिहून घ्यायचंय.