ब्रेमेनमध्ये एका सत्राचं बिऱ्हाड

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात औंधकडे जाताना ब्रेमेन चौक लागतो. तिथल्या सिग्नलला रोज थांबणाऱ्या कितीतरी जणांना हे नाव कुठून आलं ते ठाऊक नसतं. उत्तर जर्मनीत वेझर नदीकाठी ब्रेमेन नावाचं शहर आहे आणि १९८० पासून त्याचं पुण्याशी मैत्रीचं नातं आहे. त्या शहरातल्या विद्यापीठात मी एक्स्चेंजवर, म्हणजे विद्यापीठांमधल्या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीत, हिवाळी सत्र काढून आले.

एक्स्चेंज म्हटलं की लोकांना आयफेल टॉवरसमोरचे फोटो आठवतात. तेही खोटं नाही. स्वस्तातलं बसचं तिकीट काढून शनिवार-रविवार भटकणारे पुष्कळ असतात. पण आज मी सोमवार ते शुक्रवारचं बोलणार आहे. आपण जातो ते चार-सहा महिन्यांत परतायचं, या हिशेबाने. तो देश मात्र आपल्याला पहिल्या आठवड्यापासून बिऱ्हाड मांडलेला माणूस धरतो. पाहुणा म्हणून कसलीही सूट नाही, आणि पाहुणा म्हणून कुणी दूरही ठेवत नाही. मला तरी ही गोष्ट आवडली.

खोलीत राहायला गेलात की दोन आठवड्यांच्या आत शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. सोबत घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. ती नोंद हातात नसेल तर निवास परवान्याचं काम पुढे सरकत नाही. मग टपालपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव चिकटवायचं. फ्लॅट क्रमांक बहुतेक ठिकाणी नसतोच, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. आणि पत्रं तर येतच राहतात. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, दोन वेगवेगळ्या दिवशी. आरोग्य विम्याचं वेगळं. आणि काही दिवसांनी एक पत्र येतं ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. घरात रेडिओ असो वा नसो, वर्गणी द्यायचीच. एका घरात चौघं राहत असतील तर एकाने भरायची आणि बाकीच्यांनी त्याला वाटा द्यायचा. आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना आठवत असेल, पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना काढावा लागत असे. आता मला तुम्ही फुकटात ऐकताय.

आम्ही एका घरात चौघं होतो, प्रत्येकाला एक खोली आणि स्वयंपाकघर सगळ्यांत एक. फ्रिजचा एकेक कप्पा वाटून घेतलेला. दारावर साफसफाईच्या पाळ्यांचं कोष्टक, आणि पाळी चुकवली तर कुणी चिडत नाही, फक्त पुढच्या आठवड्यात तुमच्या नावापुढे दोन खुणा दिसतात. कचऱ्याचं प्रकरण मात्र शिकावं लागतं. भाजीची सालं एका डब्यात, कागद निळ्या डब्यात, प्लास्टिकची वेष्टनं पिवळ्या पिशवीत, उरलंसुरलं काळ्या डब्यात. काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या मोठ्या पेट्यांत, पांढरी, तपकिरी, हिरवी अशा रंगांप्रमाणे. त्याही रविवारी टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. आपल्याकडे हे वेगवेगळं करण्याचं काम रद्दीवाला, भंगारवाला आणि कचरावेचक बायका करतात आणि आपण त्यांच्याकडे बघतही नाही. तिथे ज्याचा तोच भंगारवाला.

पाण्याच्या किंवा सरबताच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्राच्या गोल तोंडात सारायची, ते तिला फिरवून बघतं, गिळतं, आणि शेवटी चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी गल्ल्यावर दिली की तेवढे पैसे बिलातून वजा. महिनाअखेरीला आम्हा विद्यार्थ्यांची भाजी या चिठ्ठ्यांवर निघायची. पण संध्याकाळी नदीकाठी बसलेली तरुण मंडळी आपल्या बाटल्या कचरापेटीत टाकत नाहीत, पेटीच्या शेजारी उभ्या करून जातात. थोड्या वेळाने एखादे आजोबा सायकलला पिशव्या लटकवून येतात आणि त्या गोळा करतात. नीटनेटका कोट, हातात मोजे. इतक्या श्रीमंत देशात म्हाताऱ्या माणसाला बाटल्या गोळा कराव्या लागतात, हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं.

आता चहा. आमच्या घरातली एक मुलगी पूर्व फ्रिसलंडची, म्हणजे ब्रेमेनच्या पश्चिमेला समुद्राकाठी जो सखल मुलूख आहे तिथली. तिकडची माणसं चहाच्या बाबतीत आपल्यालाही मागे टाकतात. मी आलं ठेचून, दूध-साखर घालून अमृततुल्य उकळत होते तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही, पण चेहऱ्यावर दुःख स्पष्ट होतं. मग रविवारी दुपारी तिने आपला मांडला. पातळ चिनी मातीचे छोटे कप. तळाशी खडीसाखरेचा मोठा खडा. त्यावर कडक काळा चहा ओतला की खडा तडतडतो, तो आवाज ऐकायचा असतो. मग लहानशा चमच्याने कपाच्या कडेने साय सोडायची, ती खाली जाऊन ढगासारखी वर येते. आणि ढवळायचं नाही! आधी साय लागते, मग कडू चहा, शेवटी गोड. तीन कप घेणं हा रिवाज. पुरे झालं की कपात चमचा ठेवायचा, नाहीतर यजमान भरतच राहतात. तिच्या पुड्यावर मी नाव वाचलं तर मिश्रणात मुख्य चहा आसामचा! मी तिला म्हटलं, बाई गं, हा आमच्याकडूनच आलाय. ती म्हणाली, हो, पण तुम्ही त्याचं काय करता ते मी पाहिलंय.

विद्यापीठाचं थोडं सांगते. वेळापत्रकात दहा लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. ती पंधरा मिनिटं जुन्या रिवाजाची आहेत आणि सगळे ती पाळतात. बरोबर दहाला वर्गात बसलेली परदेशी मुलं लगेच ओळखू येतात. तास संपला की टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. बऱ्याच तासांना हजेरी नसते. पण अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात, आणि सत्राच्या ३० क्रेडिटमागे त्यांच्या हिशेबाने ९०० तासांचं काम असतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त ग्रंथालयात एकट्याने करायचं. प्राध्यापकांना भेटायचं तर ठरलेल्या वेळेत, आधी नाव नोंदवून. आपल्याकडे स्टाफरूमच्या दारातून डोकावलं की काम होतं, ते तिथे चालत नाही. पण एकदा वेळ मिळाली की ती पूर्ण तुमची. माझ्या निबंधाच्या एका परिच्छेदावर बाईंनी अख्खी वीस मिनिटं घालवली, मध्ये फोन वाजला तो घेतला नाही.

गुणांचं मात्र घरी समजावून सांगा. तिथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. मी आईला आनंदाने फोनवर सांगितलं, मला १.७ मिळाले, तर पलीकडे बराच वेळ शांतता.

आणखी एक अडचण जाणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावी. तिथले तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात, आणि मोठे निबंध त्यानंतर मार्चपर्यंत लिहायचे असतात. आपल्या परीक्षा नेमक्या त्यात येतात. कुठला विषय कुठल्या विषयाच्या बदली धरणार, हे निघण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर विमानात बसू नका.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, मग भारताशी अंतर साडेतीनचं साडेचार तास होतं. डिसेंबरात सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चारनंतर थोड्याच वेळात मावळतो. दुपारच्या तासाला आत गेलं की बाहेर येताना रात्र. घरी फोन करावा तर इकडे सगळ्यांची जेवणं आटोपून निजानीज सुरू झालेली. त्यात रविवारी दुकानं बंद. शनिवारी दूध आणायचं राहिलं तर सोमवारपर्यंत कोरा चहा, किंवा रेल्वे स्थानकातलं महागडं दुकान. पहिले काही रविवार मला खायला उठले. मग लक्षात आलं, त्या दिवशी कुणी घाईत नसतं. घराजवळच्या बागेत आजी-आजोबा, मुलं, कुत्री, सगळे पावसातसुद्धा चालायला निघतात. मीही रेनकोट चढवून निघू लागले. समोरून येणारा अनोळखी माणूस ‘मोईन’ म्हणतो, सकाळी म्हणतो तसंच संध्याकाळीही. आपणही मोईन म्हणायचं आणि पुढे जायचं.

मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, सामानात काय नेऊ? पोहे, गोडा मसाला, छोटा कुकर खुशाल न्या. हिंग तिहेरी पिशवीत बांधा. तूप, पेढे, बर्फी मात्र नाही, कारण युरोपीय संघात बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको, वाळवलेला चालेल. कोथिंबीर तुर्की दुकानात भरघोस जुडीने मिळते. आणि तुपासाठी रडू नका, सुपरमार्केटात लोण्याच्या शेजारीच ‘बुटरश्माल्झ’ नावाचा डबा असतो. वरणभातावर घालून बघा, ते तूपच आहे.

नमस्कार.