ध्रुवतारा डोक्यावर आला तेव्हा

लातूरच्या गच्चीवरून उत्तरेकडे पाहिले, तर ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर दिसतो आणि बऱ्याचदा शेजारच्या इमारतीआड किंवा कडुनिंबाच्या फांद्यांत हरवतो. नॉर्वेतील ट्रॉम्सो शहराबाहेरच्या या माळावर तोच तारा जवळजवळ ७० अंशांवर आहे. तो पाहायला मान पूर्ण मागे टाकावी लागते.

पडद्यावर दिसणारे गुरुजी लातूर जिल्ह्यातील निवृत्त भूगोल शिक्षक आहेत. ध्रुवीय प्रकाशाची आकृती त्यांनी वर्षानुवर्षे फळ्यावर काढली. प्रत्यक्ष प्रकाश मात्र ते आज प्रथमच पाहणार आहेत.

सुरुवातीला उत्तरेकडे एक फिकट, राखाडी पट्टा उमटला. "अहो, आभाळ आलंय की," असे त्यांच्या पत्नी म्हणाल्या. पावसाची वाट पाहत उभा जन्म काढलेल्या डोळ्यांना आधी ढगच आठवावा, यात नवल नाही. पण त्या पट्ट्यातून तारे लख्ख दिसत होते. मंद उजेडात डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. म्हणून कॅमेऱ्यात हिरवा दिसणारा पट्टा त्यांना राखाडी वाटला. मग तो पट्टा एकाएकी उजळला, त्याला उभ्या चुण्या पडल्या, खालची कड गुलाबी झाली आणि बर्फावरही हिरवट उजेड पसरला. गुरुजींनी हातमोजा काढून कॅमेरा हाती घेतला खरा. पण कळ दाबायचे त्यांना सुचलेच नाही.

सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय आवरणात ऊर्जा साठते आणि ती मोकळी झाली की वेगवान इलेक्ट्रॉन ध्रुवांभोवतीच्या कड्यात उतरतात. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ते ऑक्सिजनला हिरवा उजेड द्यायला लावतात, २०० किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन लाल दिसतो, तर खालची गुलाबी कड नायट्रोजनची असते.

"हे आपल्याकडून कधी दिसेल का?" असे पत्नीने विचारले. घाटमाथ्यावरचा दिवा लांबच्या गावांना दिसतो, तसा उंचावरचा लाल प्रकाश दूरवर दिसू शकतो, असे गुरुजींनी समजावले. १० मे २०२४ च्या रात्री, मोठ्या सौरवादळात, लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनी आकाशातली लाली टिपली. त्याहून थक्क करणारी नोंद ४ फेब्रुवारी १८७२ ची आहे: त्या दिवशीच्या वादळात ध्रुवीय प्रकाश मुंबईतूनही दिसला होता, आणि मुंबई व लातूरशेजारचे नांदेड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत.

असे वादळ फार क्वचित येते. मात्र सूर्यावरच्या मोठ्या उद्रेकातील द्रव्य पृथ्वीपर्यंत यायला बहुधा एक ते तीन दिवस घेते आणि आज भारताचे आदित्य एल-१ यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे, हे गुरुजींनी आवर्जून सांगितले.

"मग तसा निरोप आला, तर कितीही रात्र झालेली असो, मला उठवा," असे पत्नीने त्यांना बजावले.